खाऱ्या पाण्यातील शोभिवंत मासे : गाळण यंत्रणेची स्वच्छता आणि देखभाल

कोकण किनाऱ्यावर कोळंबी, खेकडा आणि कालवे यांच्या जोडीला खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांचे संगोपन हा पूरक व्यवसाय म्हणून पुढे येत आहे. कांदळवन प्रतिष्ठानने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या तांत्रिक मदतीने ऐरोली येथे क्लाऊन फिशचे बीजोत्पादन सुरू केले. किनारी गावांतील बचत गटांनी पिल्ले घेऊन ती विक्रीयोग्य आकाराची होईपर्यंत वाढवायची, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. या संगोपनात टाकीतील पाणी रोज बदलले जात नाही. तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरले जाते. त्यामुळे माशांचे आरोग्य खाद्याइतकेच गाळण यंत्रणेवर अवलंबून असते.

गाळण यंत्रणा अस्वच्छ राहिली तर मासे दगावतात, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र ती नको तितकी स्वच्छ केली तरीही मासे दगावतात, हे अनेकदा लक्षात येत नाही. ठिबक सिंचनाचा फिल्टर जितका स्वच्छ तितका चांगला. त्याला आपण आम्ल आणि क्लोरीन प्रक्रिया करतो. माशांच्या टाकीच्या जैविक फिल्टरला तीच सवय लावली तर दोन-तीन दिवसांत संपूर्ण बॅच हातची जाऊ शकते. म्हणून कोणता भाग घासून धुवायचा, कोणता फक्त हलवून घ्यायचा आणि कोणत्या भागाला शक्यतो हात लावायचा नाही, हे नीट समजून घेणे गरजेचे आहे.

गाळण यंत्रणा नेमके काय काम करते?

यंत्रणेत तीन प्रकारची गाळणी असतात.

१) भौतिक गाळण : स्पंज, गाळण कापूस, गाळण पिशवी आणि वाळू फिल्टर यांत उरलेले खाद्य, विष्ठा व गाळ अडकतो. प्रोटीन स्किमर पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ फेसाच्या रूपाने बाहेर काढतो.

२) जैविक गाळण : बायोबॉल, सिरॅमिक रिंग, प्रवाळाचे तुकडे किंवा कालवांचे शिंपले यांच्या पृष्ठभागावर उपयुक्त जिवाणूंचा थर वाढतो. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतात. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटमध्ये, तर दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. अमोनिया अत्यंत विषारी आहे. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून पाणी बदलून ते कमी करता येते.

३) रासायनिक गाळण : सक्रिय कोळसा (कार्बन) पाण्यातील पिवळेपणा, वास आणि औषधांचे अंश शोषून घेतो.

यांपैकी जैविक गाळण ही जिवंत गोष्ट आहे. तिच्याकडे विरजणासारखे पाहावे. दही संपले तरी आपण थोडे विरजण राखून ठेवतो, भांडे घासून रिकामे करत नाही. नायट्रिफिकेशन करणारे जिवाणू तर फार हळू वाढतात. दही लावणारे जिवाणू काही तासांत भांडे व्यापतात, तर या जिवाणूंची संख्या दुप्पट व्हायलाच अर्धा ते एक दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. नवा जैविक फिल्टर पूर्ण तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात आणि खाऱ्या पाण्यात हा काळ आणखी लांबू शकतो. एका सकाळी चोळून धुतलेला थर परत मिळवायला इतका काळ जातो.

खाऱ्या पाण्यात जास्त काळजी का?

- समुद्राच्या पाण्याचा सामू ८.० ते ८.३ असतो. सामू जितका जास्त तितका अमोनिया अधिक विषारी. सामू ७ आणि तापमान २८ अंश सेल्सिअस असताना एकूण अमोनियाचा १ टक्क्याहून कमी भाग विषारी स्वरूपात असतो. सामू ८.२ झाला की हाच भाग साधारण ७ ते १० टक्क्यांवर जातो. गोड्या पाण्यात मासे सहन करतील तेवढा अमोनिया येथे घातक ठरू शकतो.
- खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. मासे आणि जिवाणू दोघांनाही त्यातूनच प्राणवायू घ्यावा लागतो.
- पाणी उडेल तेथे मिठाचा थर बसतो. तो हवेची छिद्रे बुजवतो, झाकणे अडकवतो आणि विजेच्या जोडण्या खराब करतो.
- पंपाच्या फिरत्या भागांवर चुन्याचा कठीण थर चढतो.
- लोखंड गंजते. तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा यांचे अंश पाण्यात उतरतात आणि ते अपृष्ठवंशीय जिवांना, जास्त झाल्यास माशांनाही घातक ठरतात. नळ, क्लॅम्प, जोड हे सर्व प्लॅस्टिकचे किंवा पीव्हीसीचे असावेत.

स्वच्छतेचे पाच मूळ नियम

१) जैविक माध्यम आणि स्पंज टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच धुवावेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारतो. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी खाऱ्यातून एकदम गोड्या पाण्यात गेल्याचा धक्का जिवाणूंना बसतो.

२) एकाच दिवशी सर्व गाळणी धुवू नयेत. स्पंज आज, जैविक माध्यमाचा एक भाग पुढच्या आठवड्यात, असे टप्पे करावेत.

३) साबण, भांड्यांची पावडर आणि डिटर्जंट यांचा वापर कोठेही करू नये. बादल्या, ब्रश आणि मग या कामासाठी वेगळे ठेवावेत व त्यांवर खूण करावी.

४) स्वच्छता केलेल्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस खाद्य निम्मे करावे. जिवाणू थोडे कमी झाले तरी त्यांच्यावरील भारही कमी राहतो.

५) काम सुरू करण्यापूर्वी हीटर, पंप आणि यूव्ही यांचा वीजपुरवठा बंद करून प्लग काढावा. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. संगोपन शेडमध्ये गळती प्रवाह रोखणारा स्वयंचलित स्विच (ईएलसीबी किंवा आरसीसीबी) बसवलेलाच असावा.

भागवार स्वच्छता

*स्पंज, गाळण कापूस आणि गाळण पिशवी*

आठवड्याचे पाणी बदलण्याच्या दिवशीच हे काम करावे, म्हणजे धुण्यासाठी वेगळे खारे पाणी लागत नाही. उदाहरणार्थ, १००० लिटरच्या यंत्रणेत आठवड्याला १० टक्के पाणी बदलत असल्यास तळातील गाळासह १०० लिटर पाणी नळीने ओढून काढले जाते. गाळ खाली बसू द्यावा आणि वरच्या निवळ पाण्यात स्पंज हलकेच दाबून घ्यावा. पाणी गढूळ येणे कमी झाले की थांबावे. स्पंज पांढराशुभ्र होईपर्यंत पिळत बसू नये.

हवेवर चालणारे दोन स्पंज फिल्टर असलेल्या टाकीत एक या आठवड्यात आणि दुसरा पुढच्या आठवड्यात धुवावा. लहान पिल्लांच्या टाकीत स्पंज हेच मुख्य जैविक माध्यम असते, म्हणून तेथे हा नियम काटेकोर पाळावा.

गाळण कापूस आणि पिशवी यांचे काम वेगळे आहे. त्यांत अडकलेला गाळ तेथेच कुजला तर अमोनिया पुन्हा पाण्यात उतरतो. गाळण पिशवी दर २ ते ४ दिवसांनी बदलावी. दोन-तीन पिशव्यांचा संच ठेवावा. काढलेली पिशवी उलटी करून गोड्या पाण्याच्या जोरदार धारेखाली धुवावी आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावी. येथे जिवाणू टिकवण्याची गरज नाही. कापूस दबून घट्ट झाला की टाकून द्यावा.

*जैविक माध्यम*

या भागाला सर्वांत कमी हात लावावा. पाण्याचा प्रवाह घटला असेल किंवा माध्यमाच्या तळाशी गाळाचा थर दिसत असेल तरच स्वच्छता करावी. माध्यमाचे तीन किंवा चार ट्रे करून एका वेळी एकच ट्रे काढावा. टाकीच्याच खाऱ्या पाण्यात तो दोन-तीन वेळा बुडवून हलवावा आणि लगेच जागेवर ठेवावा. माध्यम उन्हात किंवा वाऱ्यावर ठेवू नये. दुसरा ट्रे किमान दोन ते तीन आठवड्यांनंतर घ्यावा.

माध्यमावरील तपकिरी, किंचित बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे. तोच आपला फिल्टर आहे. काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा थर मात्र प्राणवायू पोहोचत नसल्याचे लक्षण आहे. तसा भाग बाहेर काढून धुवावा आणि तेथील पाण्याचा प्रवाह सुधारावा.

*प्रोटीन स्किमर*

स्किमर खाऱ्या पाण्यातच नीट चालतो, कारण खाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे बारीक होतात आणि टिकतात. बुडबुड्यांना चिकटून सेंद्रिय पदार्थ वर येतात आणि कपात जमा होतात. कपाच्या मानेवर तेलकट थर बसला की फेस वर चढत नाही आणि कप कोरडा राहतो. कप कोरडा म्हणजे पाणी स्वच्छ, असा अर्थ काढू नये.

- कप रोज पाहावा. दर २ ते ३ दिवसांनी रिकामा करून मान आतून गोड्या पाण्याने व मऊ ब्रशने पुसावी. येथे गोडे पाणी वापरण्यास हरकत नाही.
- हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचते. आठवड्यातून एकदा नळीतून थोडे कोमट गोडे पाणी ओढू द्यावे, म्हणजे मीठ विरघळते.
- दर दोन ते तीन महिन्यांनी स्किमर पूर्ण उघडून पंपासह धुवावा.
- धुतल्यानंतर काही तास, कधी एक दिवस, फेस नीट येत नाही. लगेच झडपा फिरवू नयेत.

*पाण्याचा पंप*

पंपाची क्षमता मोजण्याची सोपी पद्धत म्हणजे बादली आणि घड्याळ. पंपाच्या तोंडाशी १० लिटरची बादली २० सेकंदांत भरत असेल तर प्रवाह तासाला १८०० लिटर आहे. पंप नवा किंवा नुकताच स्वच्छ केलेला असताना हे मोजून वहीत लिहावे. तीच बादली २७ सेकंदांत भरू लागली म्हणजे प्रवाह जवळपास एक चतुर्थांशाने घटला. अशा वेळी पंप उघडावा.

पंप काढून पंखा (इम्पेलर) आणि त्याचा दांडा वेगळा करावा. निम्मे व्हिनेगर आणि निम्मे पाणी यांच्या मिश्रणात, किंवा १ लिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून त्यात हे भाग अर्धा ते एक तास ठेवावेत. चुन्याचा थर मऊ पडतो. मऊ ब्रशने घासून गोड्या पाण्यात दोन वेळा खळबळून घ्यावेत. हे काम महिन्या-दोन महिन्यांनी करावे. सिरॅमिकचा दांडा ठिसूळ असतो, तो ओढताना वाकवू नये. एक राखीव पंखा आणि शक्य असल्यास एक राखीव पंप संगोपन केंद्रात असावा.

*हवेचा ब्लोअर, नळ्या आणि हवेचे दगड*

ब्लोअरचा हवा गाळणारा स्पंज महिन्यातून एकदा झटकून किंवा धुऊन, वाळवून बसवावा. ब्लोअर पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटे वाहून यंत्रात शिरते. बुजलेले हवेचे दगड गोड्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. तरीही बुडबुडे मोठे येत असतील तर दगड बदलावा.

*यूव्ही दिवा*

यूव्ही दिवा पाण्यातून जाणारे रोगजंतू आणि शेवाळ यांवर काम करतो. माध्यमाला चिकटलेल्या जिवाणूंना त्याचा धोका नसतो. दिवा निळसर पेटलेला दिसतो म्हणून तो काम करतोच असे नाही. त्याची परिणामकारकता साधारण ८ ते ९ हजार तासांनी, म्हणजे सतत चालू असल्यास वर्षभराने घटते. बसवल्याची तारीख दिव्याच्या खोक्यावर लिहावी आणि वर्षाने दिवा बदलावा. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झ नळीवर थर बसला तर किरण पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. ती दर एक ते दोन महिन्यांनी व्हिनेगरच्या फडक्याने पुसावी. चालू दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. फुटलेल्या दिव्यात पारा असतो, तो हाताने गोळा करू नये.

*सक्रिय कोळसा*

नवा कोळसा वापरण्यापूर्वी काळी भुकटी निघून जाईपर्यंत गोड्या पाण्यात धुवावा. दर ३ ते ४ आठवड्यांनी बदलावा. वापरलेला कोळसा धुऊन किंवा वाळवून पुन्हा पूर्ववत होत नाही.

*वाळू फिल्टर*

खाडीचे किंवा समुद्राचे पाणी आत घेताना वाळू फिल्टर वापरला जातो. त्याची देखभाल ठिबकच्या वाळू फिल्टरसारखीच आहे. स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा दाब सुमारे ०.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरने वाढला की उलटा प्रवाह देऊन (बॅकवॉश) निवळ पाणी येईपर्यंत धुवावा. अनेक दिवस बंद असलेला फिल्टर सुरू करताना पहिले पाणी टाकीत घेऊ नये. आत साचलेले पाणी कुजलेले असते.

देखभालीचे वेळापत्रक

रोज : माशांची हालचाल, तापमान, पाण्याची पातळी, पंपाचा आवाज, बुडबुडे आणि स्किमरचा कप पाहावा. बाष्पीभवनाने पाणी कमी झाल्यास क्लोरीनविरहित गोडे पाणी भरावे. पाण्याची वाफ होते, मीठ टाकीतच राहते. अशा वेळी खारे पाणी भरल्यास क्षारता वाढत जाते.

दर २ ते ४ दिवसांनी : गाळण पिशवी बदलावी, स्किमरची मान पुसावी.

दर आठवड्याला : १० टक्के पाणी बदलावे, तळातील गाळ ओढावा, एक स्पंज धुवावा, मिठाचे थर ओल्या फडक्याने पुसावेत, पाणी तपासावे.

दर महिन्याला : पंप व क्वार्ट्झ नळीची पाहणी करावी, कोळसा बदलावा, गरज असल्यास जैविक माध्यमाचा एक ट्रे हलवून घ्यावा.

दर ३ महिन्यांनी : स्किमर पूर्ण उघडून धुवावा. पाइपमधील बुळबुळीत थर लांब ब्रशने काढावा, पण एका वेळी एकच पाइप घ्यावा.

दरवर्षी : यूव्ही दिवा, रबरी रिंगा आणि हवेच्या जुन्या नळ्या बदलाव्यात.

पाण्याची तपासणी

फिल्टर बरोबर चालतो की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. आरशासारख्या निवळ पाण्यातही अमोनिया असू शकतो. खाऱ्या पाण्यासाठी चालणारे तपासणी किट घ्यावे आणि रंग त्याच किटच्या खाऱ्या पाण्याच्या तक्त्याशी जुळवावा.

- तापमान : २६ ते २८ अंश सेल्सिअस
- क्षारता : ३० ते ३५ पीपीटी, शक्यतो स्थिर
- सामू : ८.० ते ८.३
- एकूण अमोनिया : शून्याजवळ, ०.२५ पीपीएम दिसताच उपाय सुरू करावेत
- नायट्राइट : शून्याजवळ
- नायट्रेट : ५० पीपीएमपेक्षा कमी
- अल्कता : १०० ते १५० पीपीएम

अल्कतेकडे विशेष लक्ष द्यावे. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे रूपांतर करताना जिवाणू सुमारे ७ ग्रॅम अल्कता खर्च करतात. फिल्टर चांगला चालत असला तरी अल्कता घटत जाते, सामू उतरतो आणि जिवाणूंचा वेग मंदावतो. १००० लिटर पाण्याची अल्कता १० पीपीएमने वाढवण्यासाठी सुमारे १७ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तो बादलीभर पाण्यात विरघळवून हळूहळू सोडावा. एका दिवसात २० पीपीएमपेक्षा जास्त वाढ करू नये. पाण्यात अमोनिया वाढलेला असताना सोडा टाकू नये. सामू वाढून अमोनिया अधिक विषारी होतो.

फिल्टरची कोणतीही मोठी स्वच्छता केल्यानंतर २४ आणि ४८ तासांनी अमोनिया व नायट्राइट तपासावेत.

अमोनिया वाढल्यास तातडीचे उपाय

मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, कल्ले जलद हलतात, खाद्य सोडतात आणि कोपऱ्यात एकत्र होतात. अशी लक्षणे दिसताच पुढील क्रमाने उपाय करावेत.

१) खाद्य पूर्ण बंद करावे. एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने वाढलेल्या माशांचे नुकसान होत नाही. अगदी लहान पिल्लांना मात्र अल्प प्रमाणात खाद्य द्यावे.

२) हवा वाढवावी.

३) २५ ते ३० टक्के पाणी बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि त्याच क्षारतेचे असावे.

४) मेलेले मासे आणि उरलेले खाद्य काढून टाकावे.

५) दुसऱ्या निरोगी टाकीतील मुरलेला स्पंज किंवा मूठ-दोन मूठ जैविक माध्यम आणून या फिल्टरमध्ये ठेवावे. हेच आपले विरजण. यासाठी प्रत्येक केंद्राने एक-दोन जास्तीचे स्पंज कायम निरोगी टाकीत मुरत ठेवावेत.

६) रोज अमोनिया तपासावा. तो शून्याजवळ येईपर्यंत गरजेनुसार पाणी बदलत राहावे.

वीज गेल्यावर

पावसाळ्यात आणि वादळात किनारी गावांत वीज अनेक तास जाते. प्रवाह थांबला की बंद डब्याच्या फिल्टरमधील जिवाणू आतील प्राणवायू लवकर संपवतात. त्यानंतर ते मरू लागतात आणि आतील पाणी विषारी होते.

- इन्व्हर्टर किंवा बॅटरीवर पहिला हक्क हवेच्या ब्लोअरचा, दुसरा पाणी फिरवणाऱ्या पंपाचा. यूव्ही आणि स्किमर थांबले तरी चालतात.
- वीज नसताना खाद्य देऊ नये.
- दीड-दोन तासांपेक्षा जास्त वेळ वीज नसेल तर बंद डब्याचा फिल्टर उघडावा. माध्यम टाकीतील हवा चालू असलेल्या पाण्यात जाळीच्या पिशवीत टांगून ठेवावे.
- वीज आल्यावर डब्यातील साचलेले पाणी टाकून द्यावे. माध्यम टाकीच्या पाण्यात खळबळून मगच फिल्टर सुरू करावा. कुजका वास येणारे पाणी टाकीत जाऊ देऊ नये.

पावसाळ्याची तयारी

जून ते सप्टेंबरमध्ये खाडीच्या पाण्याची क्षारता खूप उतरते आणि पाणी गढूळ होते. असे पाणी घेतल्यास फिल्टर बुजतो व मासे आणि जिवाणू दोघांनाही धक्का बसतो. म्हणून मे महिन्यात भरतीच्या वेळी स्वच्छ पाणी घेऊन, गाळून, झाकलेल्या टाक्यांत साठवावे. चार महिने आठवड्याला १०० लिटर पाणी बदलायचे तर सुमारे १८०० लिटर साठा लागतो. त्यात तातडीच्या पाणीबदलासाठी आणखी ५०० ते १००० लिटर धरावेत. साठा कमी पडल्यास तयार सागरी मीठ वापरून पाणी बनवावे. स्वयंपाकाचे किंवा मिठागराचे मीठ त्याऐवजी चालत नाही.

साठवायच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण ब्लीचिंग पावडरने करता येते. १० पीपीएम क्लोरीनसाठी १००० लिटर पाण्यात ३० टक्के क्लोरीन असलेली सुमारे ३३ ग्रॅम पावडर लागते. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर कमजोर होते. पाणी १२ ते २४ तास ठेवून नंतर जोरदार हवा द्यावी. वापरण्यापूर्वी क्लोरीन तपासावा. शिल्लक असल्यास प्रत्येक १ ग्रॅम क्लोरीनसाठी ७ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट विरघळवून टाकावे. १००० लिटर पाण्यात १ पीपीएम क्लोरीन उरला असेल तर ७ ग्रॅम पुरे होते. पुन्हा तपासून क्लोरीन शून्य असल्याची खात्री केल्याशिवाय ते पाणी यंत्रणेत घेऊ नये.

रोग आल्यास

तांबेयुक्त औषधे, फॉर्मेलिन आणि अनेक प्रतिजैविके जैविक फिल्टरमधील जिवाणूंनाही मारतात. आजारी मासे वेगळ्या टाकीत हलवून तेथेच उपचार करावेत. उपचाराच्या टाकीत कोळसा, यूव्ही आणि स्किमर बंद ठेवावेत, नाहीतर औषध निघून जाते. उपचाराच्या टाकीतील स्पंज परत मुख्य यंत्रणेत आणू नये.

संपूर्ण बॅच रोगाने गेल्यास मात्र विरजण राखण्याचा विचार सोडून द्यावा. तेव्हा टाकी, पाइप आणि माध्यम सर्व काही निर्जंतुक करावे. २०० पीपीएम क्लोरीनसाठी १०० लिटर पाण्यात ६५ ते ७० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घ्यावी. साहित्य तासभर बुडवून ठेवावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावे. त्यानंतर जैविक फिल्टर नव्याने तयार होईपर्यंत पिल्ले आणू नयेत. विक्रीची तारीख जवळ आली म्हणून घाई केल्यास दुसरी बॅचही धोक्यात येते.

ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही कामे वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादल्यांत आणि मोकळ्या हवेत करावीत. हातमोजे व चष्मा वापरावा.

धुतलेल्या पाण्याचे काय करावे?

फिल्टर धुतलेले पाणी दिसायला खतासारखे असले तरी ते खारे आहे. भाजीपाला, भातखाचर, फळझाडांची आळी किंवा विहिरीजवळची जमीन येथे ते सोडू नये. जमिनीत मीठ साचते आणि विहीर खारावते. स्किमरमधील काळपट पाणी कंपोस्टमध्येही टाकू नये. रोगट टाकीतील पाणी क्लोरीनने निर्जंतुक करून, नंतर क्लोरीन नाहीसा झाल्याची खात्री करूनच बाहेर सोडावे. शोभिवंत मासे कोणत्याही कारणाने खाडीत सोडू नयेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

केंद्राला भेट देताना टाकीपेक्षा आधी नोंदवही पाहावी. तीत तारीख, कोणती गाळणी धुतली, खाद्याचे प्रमाण, क्षारता, सामू, अमोनिया, नायट्राइट आणि मेलेल्या माशांची संख्या एवढे रकाने असावेत. मरतुकीच्या आधीच्या तीन दिवसांत फिल्टर धुतल्याची नोंद आढळली तर औषध सुचवण्यापूर्वी अमोनिया तपासावा. गटातील कामे पाळीने केली जातात, तेव्हा आज एकीने धुतलेला फिल्टर उद्या दुसरी पुन्हा धुते, असे घडू शकते. म्हणून प्रत्येक फिल्टरवर शेवटच्या धुण्याची तारीख आणि पुढची तारीख लिहिलेली पट्टी चिकटवण्यास सांगावे.

अधिक तांत्रिक मार्गदर्शनासाठी रत्नागिरी येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय, कांदळवन प्रतिष्ठान किंवा जिल्ह्यातील मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. जाताना नोंदवही आणि टाकीतील पाण्याचा ताजा नमुना सोबत न्यावा.